माहेरचे देणे

लग्न जुळविताना आपण गोत्र पाहतो, नाडी पाहतो. घराण्यात कुणाला कोणते दुखणे होते, हे मात्र हलकेच झाकून ठेवतो. त्यातून स्तनाचा कर्करोग असला, तर तो ‘आईकडून आला’ एवढे कुजबुजून विषय मिटतो. आमची धंतोली म्हणजे नागपुरातली दवाखान्यांची पेठ. तेथल्या बाकांवर ही कुजबूज नेहमी ऐकू येते. तिच्यामागचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातले एक पान मराठी बाईच्या हातचे आहे.

१८६६ साली पॅरिसचे शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातल्या बायका याच रोगाने गेल्या होत्या. पण वंशावळीने संशय येतो, पुरावा मिळत नाही. एका घरच्यांचे रक्त एक, तसे अन्नपाणीही एकच. रक्तातून काय आले आणि चुलीवरून काय, हे निवडायचे कसे?

माणसांत ते अवघड, म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी रोगट वंशाची पिले निरोगी वंशाच्या माद्यांना पाजायला दिली; त्यांच्यात रोगाचे प्रमाण खूपच घटले. दुधातून जाणारे ते कारण पुढे उंदरांचा एक विषाणू ठरले. पण वंशाचाही वाटा होताच.

तो वाटा शोधणाऱ्यांत कमल रणदिवे होत्या. जन्म पुण्याचा, १९१७ चा, माहेर समर्थांचे. वडील दिनकरराव फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमलबाई काम करू लागल्या. रोगाकडे कमीअधिक कल असलेल्या उंदरांचे चार वंश घेऊन त्यांच्या निरोगी स्तनग्रंथी त्यांनी ताडून पाहिल्या. रोग उद्भवण्याआधीच शरीरात काय वेगळे असते, हा त्यांचा प्रश्न होता. १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. या रोगाचा आनुवंशाशी संबंध सुचविणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या गेल्या.

माणसातला धागा १९९० साली सापडला. अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी तो सतराव्या गुणसूत्रावर दाखविला. १९९४ साली ते जनुक, ‘बीआरसीए-१’, हाती आले. त्याचे भावंड ‘बीआरसीए-२’ तेराव्या गुणसूत्रावर निघाले. पेशीतल्या आनुवंशिक धाग्याची तूटफूट सांधणे हे दोघांचे काम. तेच बिघडलेले असले, तर शंभरांतल्या साठांहून अधिक स्त्रियांना आयुष्यात हा रोग होतो. मात्र स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत असे वारशाने आलेले शेकडा पाच ते दहाच.

आणि कुजबुजीला उत्तर येथेच आहे. हा दोष बापाकडूनही तितकाच येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याच्या वाट्याला तो येण्याचा संभव निम्मा. म्हणून मावशीइतकीच आत्याही विचारात घ्यायला हवी. पण तिचे नाव कुणी काढीत नाही. आज रक्ताच्या चाचणीने दोष कळतो. कळला तर लवकर तपासण्या, औषधे, प्रसंगी आधीच शस्त्रक्रिया, असे मार्ग मोकळे होतात. लपविले, तर पुढची पिढी आंधळेपणी चालते.

भाऊबीजेला आत्या घरी येईल. ओवाळणी झाल्यावर, फराळ करता करता, आजी कशाने गेली हे तिला विचारावे. पोरींसाठी तेही माहेरचे देणेच आहे.