रम्य रस्त्यांचा पूर्वेतिहास

आल्प्सच्या घाटांतून स्वतः मोटार हाकत आठ-दहा दिवस हिंडून यावे, असा बेत आखणारी मराठी कुटुंबे आता नवलाची राहिलेली नाहीत. बेत आखताना विचार होतो तो परवान्याचा, खिंडी उघडण्याच्या दिवसांचा, मुक्कामांचा. ज्या दृश्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते दृश्य कोणी आणि कशासाठी घडवले, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या यादीत नसतो. डोंगर निसर्गाने दिले हे खरे. पण डोंगरातला रस्ता आणि त्याच्या कडेचे निळे तळे ही पुष्कळदा माणसाची करणी असते. तिला इतिहास असतो, आणि त्या इतिहासात कोणाचा तरी होकार किंवा नकार दडलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्ही हाच धागा धरून आल्प्समधल्या एका मार्गावरून निघणार आहोत आणि पुण्याच्या उंबरठ्यावरच्या मुळशीला पोहोचणार आहोत.

मार्ग असा : स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट या गावाहून निघावे, ओबरआल्पची खिंड ओलांडून पूर्वेला उतरावे, पुढे यूलियर खिंडीतून एंगाडीनच्या खोऱ्यात यावे, ते खोरे धरून रेशन खिंडीने इटलीत शिरावे आणि शेवटी स्टेल्व्हिओच्या घाटावर चढावे. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ यासाठी बरा; हिवाळ्यात ओबरआल्प आणि स्टेल्व्हिओ बर्फामुळे बंद असतात. यातला स्टेल्व्हिओ २७५७ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या एकाच अंगाला ४८ वळणे आहेत. आज ती वळणे मोजत जाणे ही हौस झाली आहे. परंतु ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला तो नव्याने हाती आलेला लोंबार्डी प्रांत घट्ट धरून ठेवण्यासाठी. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने आखलेली वळणे तोफा आणि टपाल वर चढावे म्हणून होती. सौंदर्य मागाहून आले.

रस्त्यांची गोष्ट एवढ्यावर भागते. तळ्यांची भागत नाही. विसाव्या शतकात शहरांना आणि कारखान्यांना वीज हवी झाली, तेव्हा अभियंत्यांची दृष्टी डोंगरातल्या उंच खोऱ्यांकडे वळली. आमच्या या एकाच मार्गावर त्या दृष्टीला मिळालेली तीन निरनिराळी उत्तरे पाहायला मिळतात.

पहिले उत्तर आंडरमाटचे. हे गाव ज्या उर्सेरेन खोऱ्यात वसले आहे, ते संपूर्ण खोरे बुडवून प्रचंड जलाशय करण्याची योजना १९४० च्या दशकात पुढे आली होती. आंडरमाट, होस्पेनताल आणि रेआल्प ही तिन्ही गावे पाण्याखाली जायची होती. फेब्रुवारी १९४६ मध्ये योजनेचा एक अभियंता आंडरमाटला आला असता संतप्त गावकऱ्यांनी त्याला गावाबाहेर हाकलले. योजना बारगळली. आज प्रवासी ज्या हिरव्या कुरणांची छायाचित्रे घेतात, ती कुरणे या नकारामुळे शिल्लक आहेत. मात्र गोष्ट एवढी गोड नाही. पुढे शेजारच्या ग्योशेनेनआल्प येथे धरण झाले आणि तिथली लहानशी वस्ती बुडाली. मोठ्या गावांचा नकार टिकला, त्याची किंमत वाडीने मोजली.

दुसरे उत्तर यूलियर खिंडीच्या वाटेवरच्या मार्मोरेराचे. येथे झ्यूरिच शहराला वीज हवी होती. १९४८ साली गावाने मतदान केले आणि २६ पैकी २४ मते धरणाच्या बाजूने पडली. गरिबी होती, मोबदला होता, आणि मत त्या काळी केवळ पुरुषांनाच होते. १९५४ मध्ये गाव बुडाले व वरच्या अंगाला नवे गाव वसले. हा होकार कितपत मोकळ्या मनाचा होता याबद्दल वाद घालता येईल. पण तो विचारला गेला होता एवढे नक्की.

तिसरे उत्तर रेशन खिंडीखालच्या ग्राऊनचे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक प्रदेश इटलीकडे गेला होता. मुसोलिनीच्या राजवटीत धरणाची योजना पुढे रेटली गेली, युद्धानंतर ती पुरी झाली आणि १९५० साली ग्राऊनची घरे पाडून खोरे पाण्याने भरले. गावाच्या विरोधाला कोणी धूप घातली नाही. जुन्या चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा राखला गेला आणि तो आजही पाण्यातून वर डोकावतो. तिथे मोटारींची रीघ लागते. बहुतेकजण छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. पण ‘हा मनोरा पाण्यात कसा?’ असे एखाद्या लहान मुलाने विचारले की बापाला उत्तर द्यावेच लागते.

आता मुळशी. चांदणी चौकातून निघून भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकले की काही वेळातच डोंगरांच्या कुशीत पसरलेला जलाशय दिसू लागतो. त्याच्या कडेकडेने रस्ता ताम्हिणी घाटात शिरतो आणि विळ्याला कोकणात उतरतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी येथे जी गर्दी उसळते तिचे वर्णन आम्ही करण्याची गरज नाही. घाटाखाली कोलाडला कुंडलिका नदीत रबरी तराफ्यांतून वाहत जाण्याचा खेळ चालतो. तळे, घाट आणि नदी अशी ही एका दिवसाची सहल पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. या सहलीतल्या दोन गोष्टी, तळे आणि नदीचा तो वेग, एकाच कारखान्याची निर्मिती आहेत. मुळेचे पाणी स्वभावाने पूर्वेकडे, पुण्याकडे वाहणारे. ते मुळशीला अडवून कड्याखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. वीज मुंबईकडे जाते आणि जनित्रांतून सुटलेले पाणी कुंडलिकेला मिळते. नदीचा वेग त्या सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो.

हे धरण टाटांच्या वीज कंपनीने बांधले. खोऱ्यात तेव्हा पन्नासेक गावे होती, भाताची खाचरे होती, आंबेमोहोर पिकत होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम बंद पडले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त सत्याग्रहींच्या बाजूने लिहून टाटांना फेरविचाराचे आवाहन केले. पण काम पुन्हा सुरू झाले. धरपकड, तुरुंगवास, फटके यांतून लढा तीन वर्षांहून अधिक चालला. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. सावकाराला मोबदला पुरेसा होता; कुळाला तो मोबदला नव्हताच. ही फट लढ्याला भोवली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी अहिंसेची मर्यादा सोडून धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ साली धरण पुरे झाले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या ग्रंथाच्या २००९ मधल्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकातच त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

आंडरमाटच्या पंचवीस वर्षे आधी मुळशीने नकार दिला होता. मग एक नकार टिकला आणि दुसरा बुडाला, असे का? मावळ्यांचा निर्धार उणा होता असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. फरक कायद्यात होता. स्वित्झर्लंडमध्ये पाण्यावरचा हक्क स्थानिक समाज आणि प्रांत यांच्याकडे असे, त्यामुळे लहानशा गावाच्या ‘नाही’ला कागदावर वजन होते. ऱ्हाइनवाल्ड खोऱ्यातल्या गावांनी धरणाला दिलेला नकार १९४६ साली तिथल्या केंद्र सरकारने उचलून धरला, तो यामुळेच. मुळशीत लागू होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात एका कंपनीचे धरण ‘सार्वजनिक कामात’ बसू शकत होते आणि शेतकऱ्याला बोलायला जागा होती ती केवळ किमतीविषयी. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, अशी अट आपल्याकडे आली ती २०१३ च्या कायद्याने. मावळ्यांनी मागितलेला हक्क कायद्यात उतरायला ९२ वर्षे लागली.

मध्यंतरी याच तालुक्यात युरोप उभारण्याचाही घाट घातला गेला. इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर लवासा हे डोंगरी शहर रचले जाऊ लागले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. रंगीत दर्शनी भिंती आणता आल्या; ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहायचे त्यांची संमती विचारण्याची रीत मात्र त्या नमुन्यातून कोणी उचलली नाही.

आमचे म्हणणे सहली रद्द कराव्यात असे नाही. आल्प्सला जरूर जावे, ताम्हिणीलाही जावे. पाऊस मात्र जपून अंगावर घ्यावा, कारण जुलै २०२४ मध्ये तेथे एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक कोसळला होता. फक्त बेताच्या कागदावर मुक्कामांच्या आणि खर्चाच्या जोडीला आणखी एक रकाना असावा : येथे कोण राहत होते, आणि त्यांना कोणी विचारले होते का? ग्राऊनला तो प्रश्न मनोरा विचारतो. मुळशीच्या पाण्यावर तसा मनोरा उभा नाही. तेथे गाडी थांबवून मुलांना ही हकीकत आपणच सांगायची आहे.