उष्णतेच्या आलेखांतील वळणें

पृथ्वीची उष्णता वाढत आहे ही गोष्ट आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक झाली आहे. परंतु ती वाढ कोणत्या वर्षीं सुरू झाली, मध्यें कोठें थबकली, पुन्हा केव्हां वेगानें चालूं लागली, असें विचारलें कीं जाणत्यांतहि मतभेद उत्पन्न होतात. कारण आंकडे तेच असले तरी त्यांतून रेघ ओढण्याच्या रीति निरनिराळ्या आहेत. या रीतींचा इतिहास आमच्या वाचकांस नीरस वाटणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

इ. स. १९३८ मध्यें गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर नांवाच्या एका इंग्रज इंजिनियरानें रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. हा गृहस्थ वाफेच्या विद्येंत निष्णात. हवामान हा त्याचा फावल्या वेळचा छंद. सुमारें दोनशें ठाण्यांच्या नोंदी जुळवून त्यानें असें दाखविलें कीं, गेल्या अर्धशतकांत पृथ्वीची उष्णता दरसाल सरासरी ०.००५ अंश सेल्सिअस या मानानें वाढली असून, त्यांपैकीं ०.००३ अंश वाढ माणसानें जाळलेल्या कोळशाच्या कार्बन डाय-ऑक्साइड वायूमुळें झाली असावी. सभेंतील तज्ज्ञांनीं हा सिद्धांत साशंक मुद्रेनेंच ऐकून घेतला. दैवहि असें विलक्षण कीं, निबंध प्रसिद्ध होऊन दोनतीन वर्षें होतात न होतात तोंच वाढ थबकली! १९६२-६३ चा इंग्लंडांतील हिंवाळा तर अत्यंत कडक ठरला, आणि १९६४ मध्यें कॅलेंडर वारला तेव्हां त्याचें भाकीत फसलें असें म्हणणाऱ्यांस आंकड्यांचा आधार होता.

विखुरलेल्या बिंदूंमधून उत्तमांत उत्तम सरळ रेषा कशी काढावी हें फ्रेंच गणिती लझांद्र यानें १८०५ मध्येंच सांगून ठेविलें होतें. प्रत्येक बिंदूचें रेषेपासूनचें अंतर घ्यावें, त्याचा वर्ग करावा, आणि सर्व वर्गांची बेरीज कमींत कमी होईल अशी रेषा निवडावी. ही रीत सुंदर आहे. परंतु वस्तुस्थितीच सरळ नसेल तर तिचा काय इलाज? मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडीचें उदाहरण घ्या. स्टेशनांच्या उंचीचे आंकडे कागदावर मांडून त्यांतून एकच रेषा ओढली, तर गाडी बोरीबंदरापासून पुण्यापर्यंत एकसारखी चढते असें दिसेल. वास्तविक कर्जतपर्यंत सपाटी, तेथून लोणावळ्यापर्यंत घाट, आणि पुढें पुण्यास तर गाडी किंचित् उतरतच येते. येथें तीन रेषा हव्यात. घाट आपण डोळ्यांनीं पाहतों म्हणून कर्जत व लोणावळा हीं नांवें सांगूं शकतों. ज्यानें घाट पाहिलाच नाहीं व ज्याच्या हातीं केवळ आंकडे आहेत, त्यानें वळणाचें ठिकाण कसें शोधावें?

या प्रश्नास १९५८ मध्यें रिचर्ड क्वांट या अर्थशास्त्रज्ञानें हात घातला. त्याचा उपाय सरळ होता: शक्य तीं सर्व ठिकाणें एकेक करून घ्यावीं, प्रत्येक ठिकाणीं आंकड्यांचे दोन भाग पाडून दोन रेषा बसवाव्या, आणि जेथें एकूण चूक सर्वांत कमी भरेल तेथें वळण मानावें. पुढें १९६६ मध्यें हडसन यानें दोन्ही रेषा वळणाच्या बिंदूंत एकमेकींस मिळाल्याच पाहिजेत अशा अटीखालीं हाच प्रश्न सोडविला. घाटाच्या पायथ्याशीं रूळ हवेंत उडी मारीत नाहींत, हेंच त्या अटीचें तात्पर्य. ही अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आणखी एक गोष्ट अशी कीं, वळणें वाढवीत गेलें म्हणजे चूक कमी होत जातेच. निव्वळ यदृच्छेनें पडलेल्या आंकड्यांतहि शोधणारास सोयीचें वळण सांपडतें. म्हणून शंभर जागा पाहून निवडलेल्या वळणास, आधींच नेमून दिलेल्या वळणापेक्षां पुष्कळ कडक कसोटी लावावी लागते.

ही कसोटी लावून काहिल, राह्मस्टॉर्फ व पार्नेल या तिघांनीं २०१५ मध्यें सबंध पृथ्वीच्या उष्णतेचा आलेख तपासला. त्यांस तीन वळणें मिळालीं: १९१२, १९४० व १९७० यांच्या आसपास. पहिल्यापासून चढ, दुसऱ्यापासून जवळजवळ सपाटी, आणि तिसऱ्यापासून दर दशकास सुमारें ०.१७ अंशाचा चढ. कॅलेंडरला नडलें तें हें मधलें वळण.

परंतु वळण सांपडलें म्हणजे त्याचें कारण सांपडलें असें मात्र नव्हे. मधल्या सपाटीचें एक कारण कारखान्यांच्या धुरांतील गंधकाचे सूक्ष्म कण हें होतें; ते सूर्याचे किरण परतवितात. दुसरी गोष्ट २००८ मध्यें टॉमसन व त्याच्या सहकाऱ्यांनीं उजेडांत आणली, आणि ती मोठी गमतीची आहे. १९४५ च्या सुमारास समुद्राची उष्णता एकाएकीं सुमारें ०.३ अंशानें उतरलेली दिसते. महायुद्धाच्या काळांत समुद्रावरील बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या, व ते लोक इंजिनांत घेतलेल्या पाण्याची उष्णता मोजीत. युद्ध संपतांच ब्रिटिश जहाजांच्या नोंदी एकदम वाढल्या. तीं बादलीनें पाणी वर काढीत, आणि बादलींतील पाणी वाऱ्यानें थोडें निवतें. समुद्र होता तसाच होता. बदलली ती बादली! अशा प्रसंगीं काय करावें याचा एक धडा आमच्याकडेच घडला आहे. मुंबईंत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्याचें ठरलें, तेव्हां नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेण्यांत आले. त्यामुळें जागा बदलल्यानें पडलेला फरक निराळा काढतां आला. जहाजांस ही दूरदृष्टि कोणीं शिकवावी?

आतां ज्या वादाचे पडसाद राजसभेपर्यंत उठले त्याकडे वळूं. १९९८ सालीं एल् निन्योमुळें उष्णतेनें उच्चांक गांठला, आणि पुढें दहापंधरा वर्षें ‘वाढ थांबली’ अशी हाकाटी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २०१३ च्या अहवालांतहि १९९८ ते २०१२ या काळाची वाढ दशकास अवघी ०.०५ अंश दिली होती. १९५१ पासूनची मात्र ०.१२. परंतु त्याच अहवालांत असेंहि नमूद होतें कीं, पंधरा वर्षांची मोजणी १९९५ पासून केल्यास ०.१३, १९९६ पासून ०.१४, आणि १९९७ पासून ०.०७ अंश भरते. दोन वर्षें अलीकडे सरकल्यानें जी वाढ निम्मी होते, तिच्यावर केवढी इमारत उभारली गेली! शिवाय १९९८ पासून स्वतंत्र रेषा ओढणारे हडसनची अट पाळीत नव्हते. त्यांची दुसरी रेषा पहिलीच्या टोंकापासून निघत नसून तिच्या बऱ्याच वरून निघत होती. म्हणजे ‘थांबण्या’पूर्वीं उष्णतेनें एकदम उडी मारली असें त्यांस कबूल करावें लागलें असतें, आणि तें कोणीं बोलत नव्हतें. दोन्ही रेषा जोडून घेतल्या कीं १९९८ चें वळण नाहींसें होतें. २०१५ मध्यें टॉमस कार्ल व त्याच्या सहकाऱ्यांनीं जहाजें व तरंगते बोये यांच्या मोजणींतील फरक सुधारून वाढ थांबली नसल्याचें दाखविलें, तेव्हां अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीनें त्यांच्या खात्यावर कागदपत्रें हजर करण्याचा हुकूम बजावला. आंकड्यांच्या शास्त्रज्ञास असला प्रसंग क्वचितच येतो. आमच्या मतें त्या समितीनें कागदपत्रांच्या आधीं एक फूटपट्टी मागविली असती तर बरें झालें असतें.

मात्र ही कसोटी एकाच पक्षाची बटीक नाहीं. २०२३ व २०२४ हीं दोन वर्षें असामान्य उष्ण गेलीं, तेव्हां वाढीनें आणखी वेग घेतला असें म्हणणारे पुढें आले. बोलियू वगैरे पांच विद्वानांनीं २०२४ मध्येंच प्रसिद्ध केलेल्या निबंधांत २०२३ अखेरपर्यंतच्या आंकड्यांवर हीच रीत चालविली व १९७० च्या दशकानंतर नवें वळण निश्चितपणें सांगतां येत नाहीं असा निर्वाळा दिला. वर्षावर्षांचे चढउतार लक्षांत घेतां, वेग निदान ५५ टक्क्यांनीं वाढला असेल तरच तो एवढ्यांत ओळखतां येईल, असा त्यांचा हिशेब आहे. वेग वाढलाच नाहीं असें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. आणि १९७० पासूनचा तो दशकास सुमारें ०.१७ अंशाचा चढ तर या कसोटींतून कोठेंहि न मोडतां बाहेर पडला आहे.