मोटारीच्या रंगावरील ओरखडे
मोटारीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. लॅकरची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. हलका ओरखडा याच थरात राहतो. त्यावर नख फिरवल्यास ते अडकत नाही. असा ओरखडा घालवण्यासाठी वापरतात ते रबिंग कंपाउंड तो भरून काढत नाही, तर भोवतीचा लॅकर घासून त्याच्या पातळीला आणते. म्हणूनच हा उपाय वारंवार करणे घातक. दुसऱ्या वाहनाचा लागलेला रंग बहुधा वरच चिकटलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा क्ले बारने (चिकणमातीसारख्या वडीने) निघतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन मात्र मूळ रंगालाही इजा करू शकते. घासण्यापूर्वी गाडी धुणे अत्यावश्यक, कारण उरलेली धूळ नवे ओरखडे पाडते. नंतर पॉलिश व मेण लावतात. नख अडकल्यास टचअप रंग लागतो. पत्रा उघडा पडला असेल तर गंज टाळण्यासाठी तो पावसाळ्यापूर्वीच लावावा.