आरक्षणाच्या खिडकीमागचा काळा पडदा

परवा पुण्याचं तिकीट काढायला मी नोएडाहून नवी दिल्लीच्या आरक्षण केंद्रात गेलो. मुलगा हसला. “बाबा, मोबाइलवर दोन मिनिटांत होतं. त्या जुनाट स्क्रीनसमोर रांग कसली लावता?” मोबाइलवरचं तिकीटही शेवटी त्याच जुनाट स्क्रीनमागच्या यंत्रणेतून येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आज तिच्याबद्दलच बोलू.

१९८४ च्या हिवाळ्यात मी नवखा सेकंड लेफ्टनंट होतो. तेव्हा आरक्षण म्हणजे जाडजूड वह्या. अमुक गाडीची वही अमुक खिडकीवरच. रांग चुकली की दिवस गेला. खिशात वॉरंट, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि माझी पाळी येईपर्यंत झेलम एक्सप्रेसचं पान भरलेलं. दारापाशी वळकटीवर बसून गेलो. हळद हुकली, कशाबशा अक्षता मिळाल्या.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, नवी दिल्लीत संगणकी आरक्षणाचा पहिला प्रयोग झाला. सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं तो उभारला. यंत्रं अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंटची, व्हॅक्स नावाची, आणि त्यांना चालवणारी प्रणाली व्हीएमएस, १९७७ सालची. चित्रं नाहीत, माऊस नाही; डॉलरच्या खुणेपुढे आज्ञा टाइप करायची. मला तिची एक सवय फार आवडते. फाइल बदलून साठवली की जुनी प्रत पुसत नाही, नव्या प्रतीला पुढचा क्रमांक देते. आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखी! तिच्या रचनाकारांपैकी डेव्ह कटलर यांनीच पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटी घडवली. तेव्हा काळ्या पडद्याला हसणाऱ्यांनी जरा बेतानं हसावं.

पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली लिहिली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटं सुरू झाली, तीही याच पायावर.

मधल्या काळात व्हीएमएसचे मालक बदलले, नाव ओपनव्हीएमएस झालं, खालची यंत्रं व्हॅक्सवरून अल्फावर, अल्फावरून इटॅनियमवर गेली. २०२१ मध्ये इंटेलनं इटॅनियमचा पुरवठाच थांबवला. २०२२ मध्ये हीच प्रणाली आजच्या साध्या प्रोसेसरांवरही आली. म्हणजे ती मेलेली नाही. पण आपली आरक्षण यंत्रणा अजून इटॅनियम आणि ओपनव्हीएमएसवरच आहे, असं रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. मिनिटाला ३२ हजार तिकिटांची क्षमता दीड लाखावर न्यायची आहे, म्हणून ती बदलायची.

बदलावीच. ती बोली जाणणारी माणसं माझ्याच वयाची होत चालली आहेत, आणि तत्काळच्या वेळी काय होतं ते तुम्ही जाणता. पण गाड्या थांबत नाहीत. रात्री पावणेबाराला आरक्षण बंद होतं ते जेमतेम अर्धा-पाऊण तास. पहारा बदलताना नवा शिपाई जागेवर उभा राहिल्याशिवाय जुना हलत नाही. इथे तर पहाऱ्यावर अख्ख्या देशाची तिकिटं.

खिडकीमागच्या बाईंनी कीबोर्डकडे न बघता एनडीएलएस, पुणे, तारीख असं टाइप केलं. तारयंत्राच्या जमान्यातली अक्षरं ती. मी विचारलं, “नवीन यंत्रणा आली की?”

“शिकू,” त्या हिंदीत म्हणाल्या, “पण बोटांना आधी हे विसरावं लागेल.”

प्रिंटर खरखरला. झेलम, खालचा बर्थ.