कसला डॉक्टर?

गेल्या शनिवारी घरी, कवठे महांकाळला गेलो होतो. धाकटी बहीण पीएच.डी. करतेय. चार वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात प्रबंध दुरुस्त्यांसाठी परत आला. घरात वातावरण जरा तंगच. त्यात आजीनं विचारलं, "व्हय रं, ही डॉक्टर झाली की माझ्या गुडघ्याला औषिद दील का?" बहीण उठून आत गेली.

आजीचं तरी काय चुकलं म्हणा! लॅटिनमध्ये डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. आपल्याकडं मात्र पहिला मान एमबीबीएसवाल्याचा, आणि ती तर बॅचलर डिग्री!

या पदवीचे बहुतेक प्रकार एकाच माणसाकडं बघायचे असतील तर बाबासाहेब आंबेडकर. ते कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकले, पण तिथली पीएच.डी. हातात पडली १९२७ साली. तेव्हा तिथं प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे, आणि पुस्तक निघालं १९२५ साली. म्हणजे आपल्याला बाईंडिंगचा खर्च जास्त वाटतो, तिथं आख्खं पुस्तकच छापायचं!

त्याआधी १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली होती. ही पीएच.डी.च्याही वरची. विषय रुपयाचा प्रश्न. पण गंमत बघा, परीक्षकांनी मार्च १९२३ मध्ये तो प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपत आलेले, म्हणून बाबासाहेब मुंबईला परतले, इथून नव्यानं लिहून ऑगस्टमध्ये पाठवला. निष्कर्ष तेच ठेवले. नोव्हेंबरात मंजूर.

पुढं १९५२ साली कोलंबियानं एलएल.डी. आणि १९५३ साली उस्मानियानं डी.लिट. दिली. या दोन्ही मानद. यात प्रबंध नाही, परीक्षा नाही. मानद म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो (हल्ली काही ठिकाणी पैसे भरूनही मिळतात म्हणे). पण १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही नव्हते. पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली १९५९ साली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. त्या पदवीला कोण हसेल?

असो. रात्री जेवताना बहिणीला रुपयाच्या प्रबंधाची गोष्ट सांगितली.

"मार्च ते ऑगस्ट? पाच महिन्यांत?"

"हो."

"आणि निष्कर्ष बदलले नाहीत?"

"नाहीत."

ती काही बोलली नाही. हात धुऊन आली आणि लॅपटॉप उघडून बसली. तिकडून आजी म्हणाली, "अगं, गुडघ्याचं काय?"