मुळशीचे पाणी, भिऱ्याची वीज, कुंडलिकेचा काठ

१/ रायगड जिल्ह्यातील कोलाडचे राफ्टिंग प्रसिद्ध आहे. तेथील नावा सकाळी निघतात, कारण भिरा वीजकेंद्रातून कुंडलिकेत पाणी सोडण्यावर नदीचा वेग अवलंबून असतो. पुढे रोह्यावरून वाहत कुंडलिका रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्यातील या पाण्याचा बराच भाग मुळात तिचा नाही. तो सह्याद्रीपलीकडच्या मुळशीचा आहे.

२/ मुळा नदी पूर्वेस वाहते; भीमा आणि कृष्णेमार्गे तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड, आणि पश्चिमेस कडा एकदम कोकणात उतरतो. माथ्यावर पाणी अडवून सुमारे ५०० मीटर खाली सोडले, तर त्यावर वीज निर्माण होते. टाटांनी या तत्त्वावर प्रथम खोपोली (१९१५) आणि नंतर भिवपुरी (१९२२) येथे केंद्रे उभारली. मुंबईच्या कापडगिरण्यांना कोळशास पर्याय मिळाला.

३/ तिसरी योजना नीला-मुळा संगमावरील धरणाची. तिच्या जलाशयाखाली पन्नासहून अधिक गावे येणार होती. येथील मावळ्यांनी डोंगरउतारावर बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भातखाचरे घडवली होती. मुळशीचा आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात नावाजलेला होता.

४/ १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीचा बाजारभाव आणि त्यावर १५ टक्के रक्कम मिळे. ग्रामदैवत, जत्रा, पूर्वजांची स्थाने, गावकीचे मानपान यांना त्या हिशेबात रकाना नव्हता.

५/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासह शेकडो स्त्री-पुरुषांनी धरणाच्या कामावर ठिय्या दिला. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. कंपनीने काही काळ काम थांबवले. ते पुन्हा सुरू होताच अटकसत्र आरंभले. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली.

६/ लढ्यात एक भेगही होती. अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकारांना वाढीव रोख भरपाईत रस होता, कसणाऱ्याला जमिनीत. भरपाईचा प्रश्न पुढे आला तसे हे हितसंबंध वेगळे झाले आणि शहरातून मिळणारा आधार क्षीण होत गेला. १९२४ अखेर लढा संपला.

७/ १९२७ मध्ये भिरा केंद्र सुरू झाले. वीज निर्माण करून झाल्यावर उरलेले पाणी कुंडलिकेत आले. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यातून माणगाव-रोह्याच्या शेतीला कालवे मिळाले. एरवी पावसावरच विसंबणाऱ्या या पट्ट्यात उन्हाळी भातही पिकू लागले. धाटावच्या कारखान्यांनाही या नदीचा आधार आहे.

८/ म्हणजे एकाच पाण्याने मुंबईचा उद्योग चालवला, कोकणातली शेती दुबार केली आणि घाटमाथ्यावरची खाचरे बुडवली. लाभ झाला हे खरे. पण लाभार्थी एका खोऱ्यातले आणि किंमत मोजणारे दुसऱ्या खोऱ्यातले. पुढे कोयना आणि नर्मदेच्या काठी विस्थापितांनी जो प्रश्न विचारला, त्याचा पहिला मोठा उच्चार मुळशीत झाला होता: विकासाचा हिशेब मांडताना कोणाचे नुकसान नोंदवायचे, हे ठरवणार कोण?