ओवी कुणाची, नोंद कुणाची?

ज्ञान निर्माण कोण करतो आणि त्या ज्ञानावर नाव कोणाचे लागते, या दोन प्रश्नांचे उत्तर आपल्या समाजात क्वचितच एक आले आहे. राबणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसराच, हा अनुभव बीड जिल्ह्याला नवा नाही. आज संगणकाच्या क्षेत्रात हाच प्रश्न उभा आहे. संशोधनाची मुक्त सॉफ्टवेअरे आणि माहितीसंच अनेकांच्या श्रमांतून तयार होतात. त्यांचे श्रेय कोणाला? या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पुरावा मला माजलगावच्या भीमनगरात सापडतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आदी बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. या बायांनी बाबासाहेब गायिले, बुद्ध गायिला. ज्या चळवळीचा इतिहास पुढाऱ्यांच्या भाषणांतून लिहिला गेला, तिचा हा घराच्या उंबऱ्याआतला इतिहास होता. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या. तेथे गाणारीचे नाव आणि गाव आहे. माहितीसंचाची रचना बर्नार्ड बेल, लिप्यंतर जितेंद्र मैड, नोंदणी रजनी खळदकर, अशी कामेही वेगवेगळी नोंदली आहेत. लोकगीतांच्या कितीतरी जुन्या संग्रहांत मुखपृष्ठावर संग्राहक झळकतो आणि गाणारी ‘एक खेडूत स्त्री’ होऊन विरून जाते. त्या पार्श्वभूमीवर ही नोंद म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

याच बेल यांनी १९८० च्या दशकात जेम्स किपेन यांच्यासह तबल्याच्या बोलांसाठी ‘बोल प्रोसेसर’ हा कार्यक्रम रचला. पुढे तो मुक्त झाला. संगणक कायद्याचे पलटे तयार करी. ते बरोबर की चूक हे लखनौ घराण्याचे जाणकार वादक सांगत. आता विचारतो, या कार्यक्रमाचे कर्ते कोण? मुक्त सॉफ्टवेअरच्या कोठारात संहितेची कोणती ओळ कोणी लिहिली, हे यंत्र आपोआप टिपते. ‘हे चूक आहे’ म्हणणाऱ्या कानाची नोंद कोणतेही यंत्र ठेवत नाही. ती माणसाने ठरवून करावी लागते.

संशोधनातील श्रेयासाठी २०१४ च्या सुमारास चौदा भूमिकांची एक यादी जगात पुढे आली. २०२२ साली अमेरिकेत ती प्रमाण म्हणून मान्य झाली. कल्पना मांडणे, निधी मिळवणे, माहितीची निगा, सॉफ्टवेअर, लेखन या साऱ्यांना तीत जागा आहे. गाणारीला नाही. ‘साधने’ या भूमिकेच्या व्याख्येत रसायने, रुग्ण, प्राणी, उपकरणे पुरवणे येते. म्हणजे श्रेय पुरवणाऱ्याचे! राधाबाई येथे फार तर पुरवलेली वस्तू ठरतील. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवले. भूमिकांची यादी कितीही शास्त्रीय असो, जाणणारा आणि पुरवला जाणारा असा भेद तिच्यात मुरला असेल तर ती आम्हाला ओळखीची वाटणारच.

संग्रहाच्या चांगल्या नोंदीतही एक गोष्ट मला खुपते. गाणाऱ्या बायांपुढे जातीचा रकाना आहे आणि त्यात ‘नवबौद्ध’ असे लिहिले आहे. जात नाकारण्यासाठी १९५६ साली घेतलेला धम्म जातीच्याच रकान्यात बसला! रचना करणाऱ्यापुढे, टंकलेखन करणाऱ्यापुढे मात्र केवळ काम. तो रकाना पुसा, असे मी म्हणत नाही. पुसला तर भीमनगरची ओवी उद्या नुसते ‘मराठी लोकगीत’ होईल आणि तिच्यातला विद्रोह कोणीही आपल्या अंगणात तुळशीसारखा लावील. माझे म्हणणे इतकेच, की सामाजिक ओळख नोंदवायची तर सर्वांची नोंदवा.

आणि गाणारीला माहितीचा स्रोत म्हणू नका. स्रोत विहिरीला असतो. ओवी रचणे, निवडणे, आठवणीत जपणे ही बौद्धिक कामे आहेत. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून जे विद्यार्थी आज गावोगाव मुलाखती, गाणी, शब्द टिपतात, त्यांनी आपल्या माहितीसंचाच्या पहिल्या पानावर या कामांसाठी स्वतंत्र भूमिका लिहावी आणि तिच्यापुढे, सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याचे पूर्ण नाव लिहावे. त्यासाठी परदेशातील यादी सुधारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.